बिनवायरच्या मॅडम

मॅडम मागं बसून शिकवायच्या. सगळी मुलं पुढं तोंड करून बसलेली आणि शिकवणारी बाई शेवटच्या रांगेत, सतरंजीवर मांडी घालून, मांडीवर लॅपटॉप. पुढची खुर्ची रिकामी, फळ्याजवळ कुणी नाही. भिंतीवरच्या टीव्हीत मात्र मॅडमच्या मांडीवरचं सगळं जसंच्या तसं चाललेलं. लॅपटॉप आणि टीव्ही यांच्यामध्ये वायर नाही, दोरा नाही, काही नाही. मी सव्वीस वर्षं पुढं उभा राहून शिकवणारा माणूस. पहिल्यांदा दारातून तो प्रकार बघितला आणि मनात म्हटलं, ही काय शिकवायची पद्धत झाली? लगेच दुसरा विचार आला, की माझ्या तासाला ही मुलं इतकी गप्प कधी बसली होती? त्या दुसऱ्या विचारानं माझं डोकं जे उठलं, ते पुढं बरेच दिवस उठलेलंच राहिलं.

आमची शाळा चाकूर तालुक्यातली, जिल्हा परिषदेची, सातवीपर्यंतची. मॅडम नांदेडकडच्या, देगलूरजवळच्या. चाकूरला खोली घेऊन राहायच्या आणि स्कूटीवर यायच्या. त्यांचं खरं नाव गावात फार थोड्यांना माहीत होतं. शाळा समितीवरचे एक म्हातारे एकदा वर्गात आले. त्यांनी टीव्हीच्या मागं हात घालून चाचपून बघितलं, वाकून लॅपटॉपच्या खाली बघितलं आणि पारावर जाऊन सांगितलं, "सगळं बिनवायरचं चालू हाय." तेव्हापासून त्या बिनवायरच्या मॅडम झाल्या. गाव असं सहज कुणाला नाव देत नाही. मला सव्वीस वर्षांत कुठल्याच गावानं दिलं नव्हतं. मी आपला नुसता गुरुजी. तेही माझ्या आधीच्या गुरुजींचं शिल्लक राहिलेलं असावं.

आणि टीव्ही माझा होता, हे आधी सांगायला हवं. म्हणजे शाळेचाच, पण त्यासाठी दारोदार मी फिरलो होतो. सोयाबीनचा हंगाम झाल्यावर घरोघर जाऊन लोकांना पटवलं, लातूरहून जीपमध्ये मांडीवर धरून आणला, पाचवीच्या वर्गात, म्हणजे माझ्याच वर्गात, स्वतः उभं राहून भिंतीवर बसवून घेतला. त्यानंतर त्याच्यावरचं प्लॅस्टिक आम्ही काढलं नाही. खराब होईल म्हणून. जोडायची एक वायर सोबत आली होती, ती पावसाळ्यात उंदरांनी खाल्ली. पंधरा ऑगस्टला तेवढा लावायचा, बाकी वर्षभर त्याच्याखाली 'हात लावू नये' अशी माझ्या अक्षरातली पाटी. मॅडम रुजू झाल्या आणि तिसऱ्या आठवड्यात त्यांनी प्लॅस्टिक टराटरा फाडून काढलं. मला तो आवाज अजून आठवतो.

लॅपटॉप टीव्हीला जोडला जाताना पडद्यावर एक गोल फिरत राहतो. कधी चटकन लागतं, कधी तो गोल फिरतच राहतो. इतर कुणी असतं तर बटणं दाबत बसलं असतं. मॅडम हात बाजूला घ्यायच्या आणि टीव्हीकडं बघून हळूच म्हणायच्या, "रावे तल्ली, रा." त्यांच्या गावाकडं अर्धी बोली तेलुगू. ये गं माय, ये, असा त्याचा अर्थ. रुसलेल्या म्हशीला गोठ्यात बोलवावं तसं त्या टीव्हीला बोलवायच्या, आणि खोटं कशाला सांगू, तो यायचा. मॅडमकडं चौथी होती, टीव्हीच्या तासाला ती आणून त्या माझ्या पाचवीत बसवायच्या, आणि महिन्याभरात दोन्ही वर्गांची सगळी पोरं एका सुरात "रावे तल्ली" करायला लागली. मी शेजारच्या खोलीत बसून ऐकायचो. माझ्या फळ्याला असं कुणी कधी बोलावलं नव्हतं.

त्यांची दुसरी एक रीत होती. टीव्हीवर जे अक्षर उमटेल ते सगळ्या वर्गानं मोठ्यानं वाचायचं. धडा असो, बातमी असो, नाहीतर मधेच आलेली कसलीतरी सूचना असो. 'बॅटरी कमी आहे' हेसुद्धा पोरं कवितेसारखं म्हणायची. मागच्या रांगेतून वाचणाऱ्याचा आवाज आला नाही की मॅडम अक्षर मोठं करायच्या. मुलं वळून त्यांच्याकडं बघायला लागली तर म्हणायच्या, "माझ्याकडं काय हाय? पुढं बघा." त्यात काही वेगळं असेल असं मला तेव्हा वाटलं नाही. मला वाटलं, ही नव्या लोकांची नम्रता असते ती. करायचं सगळं, आणि वर म्हणायचं माझ्याकडं बघू नका.

मॅडम वाईट असत्या तर माझं काम सोपं झालं असतं. पण कुणीही पाहुणा आला की त्या पहिलं वाक्य ठरलेलं बोलायच्या, "टीव्ही सरांनी आणलाय बरं का." सर म्हणजे मी. पाहुणा माझ्याकडं बघून मान हलवायचा आणि पुन्हा टीव्हीकडं वळायचा. मला ना रागावता यायचं, ना खूश होता यायचं. डब्यात ज्वारीच्या भाकरीबरोबर अंबाड्याची भाजी आणली की पहिला घास माझ्या ताटात. घरी जाऊन मी बायकोला सांगायचो की ती बाई आज असं म्हणाली, तिनं आज असं केलं, तिच्या भाजीत लसूण जरा जास्तच असतो. एक दिवस बायको म्हणाली, "तुम्ही हेवा करून राहिलात का कौतुक, मला तर कळंना झालंय."

माझी एकच गोष्ट पंचक्रोशीत माहीत होती, ती म्हणजे माझं फलकलेखन. केंद्राची, म्हणजे आसपासच्या दहा-बारा शाळांची, शिक्षण परिषद आमच्या शाळेत असली की मी आदल्या दिवशी थांबून फळा सजवायचो. रंगीत खडूनं मानवी पचनसंस्था काढावी ती मीच. येणारे शिक्षक आधी फळ्यासमोर उभे राहायचे, मग चहाकडं वळायचे. मॅडम आल्यानंतरची पहिली परिषद. मी सायंकाळी सातपर्यंत बसून पचनसंस्था काढली. दुसऱ्या दिवशी मॅडम मागं बसून एकेक चित्र हवेतून टीव्हीवर पाठवत होत्या, त्यातलं जठर हलत होतं, अन्न खाली सरकत होतं, आणि सगळे माना वर करून बघत होते. केंद्रप्रमुख साहेबांना बसायला जागा उरली नाही म्हणून ते फळ्याला टेकून उभे राहिले. कार्यक्रम संपल्यावर ते वळले तेव्हा त्यांच्या पांढऱ्या शर्टाच्या पाठीवर माझं सगळं लहान आतडं उमटलेलं होतं. कुणाच्याच लक्षात आलं नाही. साहेब तसेच मोटारसायकलवर बसून चाकूरला गेले. फळ्यावर यकृत आणि थोडंसं मोठं आतडं तेवढं राहिलं होतं, ते मी पुसून टाकलं.

त्या दिवशी ठरवलं की हे आपणही शिकायचं. मॅडमना सांगितलं, शिकायचं वगैरे काही नाही, नुसतं बघायला. त्या म्हणाल्या, "दोन बटनं हायत सर, बास." एक खिडकीच्या चित्राचं बटण, आणि त्याच्याबरोबर इंग्रजी के. मग बाजूला टीव्हीचं नाव येतं, त्यावर टिचकी मारायची. मराठी टाइप करायलाही त्यांनीच शिकवलं. मी एका बोटानं शिकलो, पण शिकलो. पुढच्या परिषदेत सगळ्यांसमोर आपण स्वतः जोडून दाखवायचं, असं माझं मनातल्या मनात चाललं होतं. ते मी कुणाला सांगितलं नाही.

अशात एके दिवशी हेडसरांनी मला ऑफिसात बोलावलं. त्यांनी शब्दांची जुळवाजुळव बरीच केली, पण सांगायचं होतं ते एवढंच, की येत्या जूनपासून पाचवी मॅडमकडं द्यायचं म्हणतोय. "तुम्हालाबी जरा आराम," असं ते शेवटी म्हणाले. पाचवी म्हणजे शिष्यवृत्तीचा वर्ग. चौदा वर्षं तो माझ्याकडं होता. त्यातली पोरं आज लातूरला, नांदेडला शिकतात, काही नोकरीला लागलीत, बसमध्ये भेटली तर उठून जागा देतात. त्या वर्गाशिवाय माझ्याकडं सांगण्यासारखं काही नव्हतं. पाचवी गेली की मी तिसरीचा नाहीतर दुसरीचा, पाट्या तपासणारा. टीव्ही गेला, परिषद गेली, आता पाचवीसुद्धा जाणार. मी बरं म्हणून बाहेर आलो. आणि तक्रारीचा अर्ज करायचा हे व्हरांड्यातच ठरवलं.

शनिवारची सकाळची शाळा होती. हेडसर तालुक्याला बैठकीला गेले होते. मॅडमनी चौथी आणि पाचवी दोन्ही माझ्या वर्गात एकत्र बसवली होती, आणि त्या आपल्या फोनवरून टीव्हीला काहीतरी दाखवायच्या तयारीत होत्या. माहिती भरायची आहे असं सांगून मी लॅपटॉप घेऊन शेजारी ऑफिसात आलो. मध्ये एक भिंत. आधी म्हटलं, जरा सराव करून बघू. दोन बटणं दाबली. टीव्हीचं नाव आलं. टिचकी मारली. गोल फिरला, थांबला, आणि पुढं काहीच झालं नाही. माझ्यासमोरचा पडदा होता तसाच माझ्यासमोर. मी मनाशी म्हटलं, लागलं नाही. लागलं असतं तर हे तिकडं गेलं असतं, इथं कसं राहिलं असतं? नोकरीत माझ्या सहा बदल्या झाल्या होत्या. माणूस या गावातून त्या गावी गेला की या गावात राहत नाही, एवढंच मला ठाऊक. मी ते सोडून दिलं आणि अर्ज टाइप करायला घेतला.

'प्रति,' एवढं लिहिलं आणि शेजारून मुलांचा आवाज आला, "प्रति." मुलं काही ना काही म्हणतच असतात, मी लक्ष दिलं नाही. 'माननीय गटशिक्षणाधिकारी साहेब' लिहिलं. जोडाक्षरांवर अडखळत तेही भिंतीपलीकडून आलं. तरीही माझी ट्यूब पेटली नाही. उलट मला संताप आला. मला वाटलं, मॅडम आज पत्रलेखन घेताहेत. पत्रलेखन माझा विषय, मराठी माझी. तीसुद्धा घेतली. त्या रागात मी एका बोटानं जोरजोरात लिहीत सुटलो. विषय : इयत्ता पाचवीचा वर्ग माझ्याकडेच ठेवणेबाबत. महोदय, टीव्हीच्या अतिवापरामुळे विद्यार्थ्यांचे हस्ताक्षर बिघडले आहे. नवीन शिक्षिका वर्गात विद्यार्थ्यांसमोर उभ्या न राहता मागे बसतात. पलीकडं मुलं घोकतच होती, मी आपल्याच तोऱ्यात होतो.

दम खायला थांबलो. मुलंही थांबली. मी 'सदर' हा एक शब्द लिहिला. पलीकडून चाळीस-पन्नास पोरं एका सुरात म्हणाली, "सदर." मी बोट उचललं. सगळीकडं शांत. पुढं 'शिक्षिका' लिहिलं ते खात्री करायला, आणि तेही भिंतीपलीकडून आलं. लॅपटॉप मिटावा एवढंही मला सुचलं नाही. मी उठलो आणि वर्गाच्या दाराशी जाऊन उभा राहिलो.

माझा अर्ज टीव्हीवर होता. अक्षरं चांगली मोठी, मागपर्यंत दिसतील अशी. मॅडम शेवटच्या रांगेत नेहमीसारख्या बसलेल्या, फोन मांडीवर उपडा ठेवलेला, आणि त्यांची नजर त्या वाक्यावर. माझ्याकडं त्यांनी बघितलं नाही. चौथीतल्या एका मुलीनं विचारलं, "मॅडम, सदर शिक्षिका म्हंजे कोण?"

मॅडमनी मांडीवरचा फोन सतरंजीवर ठेवला. "जिच्याबद्दल पत्र हाय ती." मग त्यांचा आवाज नेहमीसारखा झाला. "हे औपचारिक पत्र हाय. सर तुम्हाला पलीकडून शिकवून राहिलेत. बघा, आधी प्रति लिहिलं, मग विषय. तक्रार असली तरी कुणाचं नाव न्हाई घेतलं, वाईट शब्द न्हाई वापरला. रागात असतानाबी असं लिहिता आलं पाहिजे." त्यांनी मुलांना दोन-तीन प्रश्न विचारले, मुलांनी उत्तरं दिली. मी दारात उभाच. शेवटी त्या माझ्याकडं वळल्या. "सर, शेवट राहिलाय. 'आपला विश्वासू' लिहा ना. मुलं थांबलीत."

मी ऑफिसात गेलो. खुर्चीत बसलो. एकेक अक्षर शोधून 'आपला विश्वासू' लिहिलं आणि मुलांनी ते वाचलं. मग खाली माझं नाव लिहिलं. पोरांनी माझं संपूर्ण नाव आडनावासकट मोठ्यानं म्हटलं. त्या शाळेत माझं नाव एवढ्या मोठ्यानं आधी कधी घेतलं गेलं नव्हतं. नंतर मी लॅपटॉप मिटला आणि घंटा होईपर्यंत तिथंच बसून राहिलो.

शाळा सुटल्यावर मॅडम हेल्मेट हातात घेऊन पाण्याच्या टाकीजवळ उभ्या होत्या. मी जवळ गेलो. त्याच म्हणाल्या, "ते पत्र पाठवा सर. माझी काही हरकत न्हाई."

मी म्हटलं, नाही पाठवत.

"का? खोटं काय हाय त्यात? मी मागं बसते ते खरंच हाय." त्या हेल्मेटचा पट्टा बोटाला गुंडाळत होत्या. "पहिल्या शाळेत मी पुढं उभी राहिले तर तोंडातून आवाजच फुटला न्हाई. खडू हातातच मोडला. पोरं हसली. त्यानंतर पुढं उभं राह्यचं म्हटलं की माझे पाय थरथरतात. म्हणून हे बिनवायरचं शिकले मी. सगळे टीव्हीकडं बघतात, माझ्याकडं कुणी बघत न्हाई." मग म्हणाल्या, "तुम्ही वर्गात येता आन सरळ जाऊन पुढं उभं राहता. मला तुमचा लई हेवा वाटतो सर."

खरं सांगायचं तर मला आधी बरं वाटलं. ज्या बाईमुळं इतके दिवस माझा जीव जळत होता, तिलाही माझ्यामुळं जळायला होतं, हे ऐकून आतून गार वाटलं. वाईट वाटलं ते नंतर, मोटारसायकल सुरू केल्यावर. घरापर्यंत वाटत राहिलं. बायकोला त्या दिवशी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मग शिकवा की तिला पुढं उभं राहायला." जणू काही भाजी निवडायला सांगावं, तसं.

सोमवारपासून शाळा सुटल्यावर अर्धा तास मॅडम रिकाम्या वर्गात पुढं उभ्या राहायच्या आणि मी मागं बसायचो. त्या वर्गात मी मागच्या रांगेत कधी बसलो नव्हतो. तिथून फळ्याकडं बघितलं आणि माझा मीच खजील झालो. ज्या अक्षराचं लोक कौतुक करायचे ते शेवटच्या रांगेतून मुंग्या चालल्यासारखं दिसत होतं. इतक्या वर्षांत मागच्या एकाही पोरानं मला ते सांगितलं नव्हतं, आणि मॅडमनीही नाही. मी त्यांना माझी एकुलती एक युक्ती शिकवली. वर्गात गेल्या गेल्या मुलांकडं बघायचं नाही. आधी फळ्यावर तारीख लिहायची. तारीख लिहिताना पाठ मुलांकडं असते, तेवढ्यात श्वास जागेवर येतो. मॅडमनी विचारलं, हे मला कुठून माहीत. मी सांगितलं की मीही सव्वीस वर्षं तेच करतोय. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि दोघांनाही हसू आलं.

पाचवीचं काय करायचं हे हेडसरांना सांगायला मी गेलो. म्हटलं, मॅडमकडं द्या. ते म्हणाले, मॅडम आत्ताच येऊन सांगून गेल्या की सरांकडंच राहू द्या. मग त्यांनी वैतागून वर्ग दोघांच्या नावावर केला, विज्ञान आणि इंग्रजी त्यांच्याकडं, बाकीचं माझ्याकडं. वर्गाच्या दारावर वर्गशिक्षकांची नावं मीच रंगवली. माझं आधी, त्यांचं खाली. तेवढं मात्र मी सोडलं नाही. अर्ज काही कुठं गेला नाही, पण दर वर्षी पत्रलेखनाच्या धड्याला पोरं मला विचारायची की तुमचं ते टीव्हीवरचं पत्र पुन्हा दाखवा. मॅडम हाताची घडी घालून, मान खाली घालून हसायच्या.

हेवा त्यानंतर गेला असं नाही. त्या पुढं उभं राहायला शिकल्या आणि चार महिन्यांत माझ्यापेक्षा चांगलं शिकवायला लागल्या. आधी मागून शिकवायच्या तेव्हा निदान टीव्हीला श्रेय देता यायचं. आता नुसता खडू हातात घेऊन त्या तेवढंच करून दाखवायच्या. मुलं घरी जाऊन त्यांच्याच गोष्टी सांगायची. मी मागं बसून ऐकायचो, नंतर चुका सांगायचो. हळूहळू सांगायला चुका उरेनात, तर काहीतरी शोधून काढायचो. आवाज जरा चढला, खडू फार दाबता, असलं काहीतरी. त्यांना ते कळत असणार. तरी त्या रोज विचारायच्या, "आज कसं झालं सर?"

तिसऱ्या वर्षी त्यांची जिल्हा बदली झाली. आई देगलूरला एकटीच होती, म्हणून त्यांनी आधीपासून अर्ज केलेला होता. निरोपाच्या दिवशी गावातले लोक आले होते, म्हातारे समितीवाले आले होते, केंद्रप्रमुख साहेब आले होते. सगळ्यांनी भाषणं केली. मॅडमना बोलायला सांगितलं तेव्हा त्या उठल्या, पुढं गेल्या, सगळ्यांकडं पाठ केली आणि फळ्यावर तारीख लिहिली. लोकांना वाटलं, आठवण म्हणून लिहिताहेत. मग त्या वळल्या आणि दहा मिनिटं न अडखळता बोलल्या. मला डोळे पुसायला रुमाल सापडेना, शेवटी बाहीनंच पुसले.

गेल्या महिन्यात त्यांचा व्हिडिओ कॉल आला. नव्या शाळेतून बोलत होत्या, मागं पोरांचा गोंधळ. म्हणाल्या, "सर, आमच्याकडं एक वयस्कर सर हायत, रिटायरमेंटला दीड वर्ष राहिलंय. त्यांचं अक्षर बघा." त्यांनी फोन फळ्याकडं फिरवला. अक्षर सुरेख होतं, वळणदार आणि मोठं, शेवटच्या रांगेपर्यंत नीट दिसेल असं. त्या सरांना त्या ती दोन बटणं शिकवत आहेत. आणि त्या शिकवतात तेव्हा ते मागं बसून ऐकतात आणि तास संपल्यावर कुठं काय चुकलं ते सांगतात. "लई बारीक लक्ष असतं त्यांचं," असं मॅडम म्हणाल्या. मी म्हटलं, चांगलं आहे. अक्षर चांगलं आहे.

त्या माणसाला मी ओळखत नाही. त्यानं माझं काही वाईट केलेलं नाही, आणि कधी भेटला तर मी त्याला चहा पाजीन. पण उद्या सकाळी तिकडं शाळा भरली की मॅडम त्याला 'सर' म्हणून हाक मारतील.